तिसरा कॉर्नरबॅक राखीव नसतो

ऑगस्ट संपत आला की फिलाडेल्फिया ईगल्सच्या चाहत्यांत एक वाद पेटतो, आणि २०२५ च्या हंगामाआधी तो जरा जास्तच पेटला आहे. वाद कॉर्नरबॅकचा आहे. एका कडेला क्विन्यॉन मिचेल आहे, आत स्लॉटमध्ये कूपर डीजीन आहे. पण दुसऱ्या कडेला कोण? आणि या दोघांपैकी एखादा दुखावला तर त्याच्या जागी कोण? याचं समाधानकारक उत्तर कोणाकडेच नाही. ज्यांना याची काळजी वाटते त्यांना मात्र एक तयार उत्तर ऐकवलं जातं: फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकलेला संघ आहे, पुढचे चौघे क्वार्टरबॅकला उभं राहू देत नाहीत, मग मागे कोणीही असला तरी निभावतं, ही सगळी काळजी म्हणजे सामने नसलेल्या दिवसांतला चाळा. हे उत्तर ज्या ईगल्सच्या इतिहासाचा हवाला देऊन दिलं जातं, तो इतिहास नीट वाचला तर ते उत्तर उभंच राहत नाही, असं माझं म्हणणं आहे.

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या मराठी घरांत हा वाद आता मराठीतही चालतो. २०२५ मध्ये तर संघ ५३ जणांवर आणायची मुदत आणि गणेश चतुर्थी एकाच आठवड्यात आली. आरती झाल्यावर प्रसाद घेता घेता बाप-लेक ‘पाच कॉर्नरबॅक ठेवायचे की सहा’ यावर बोलतात. या घरांतही बहुतेकांचा कल त्या तयार उत्तराकडेच असतो, म्हणून ते मराठीतच खोडून काढावंसं वाटतं.

आधी या जागेचं काम काय ते पाहू. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉर्नरबॅकला मैदानावरच्या सगळ्यात वेगवान माणसांना अडवायचं असतं, तेही उलट्या पावलांनी सुरुवात करून. आपण कुठे वळणार हे रिसीव्हरला आधीच ठाऊक असतं. कॉर्नरबॅकला ते त्याच्या कमरेच्या हालचालीवरून ओळखावं लागतं आणि मग पूर्ण वेगात असतानाच अंग फिरवावं लागतं. मांडीमागचा स्नायू, घोटा, गुडघा ही या जागेवरची नेहमीची दुखणी आहेत ती यामुळेच. हंगाम १७ सामन्यांचा. त्यात सप्टेंबरमध्ये उभे केलेले सगळे कॉर्नरबॅक जानेवारीतही धडधाकट असतील, असं गृहीत धरून चालणारा संघ स्वतःच्या तयारीवर नव्हे, नशिबावर चाललेला असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि तयार उत्तर देणारे नेमकी तीच टाळतात. चेंडू कुणाच्या दिशेने फेकायचा हे आक्रमण करणारा संघ ठरवतो. आपल्या आक्रमणाच्या फळीतला एखादा गडी कच्चा असेल तर शेजारच्याला त्याच्या मदतीला देता येतं, चाल दुसऱ्या बाजूने नेता येते. कच्चा कॉर्नरबॅक असा लपवता येत नाही. त्याच्या मदतीला सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे उभा असणारा रक्षक, सरकवला की सेफ्टीची मूळ जागा उघडी पडते. कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. मुरलेला कोपरारक्षक बाद होऊन बाहेर बसला आणि त्याच्या कोपऱ्यावर सवय नसलेला गडी सरकला की चढाईपटू मधल्या भक्कम साखळीच्या वाटेला जात नाही. त्याचं लक्ष त्या कोपऱ्यावर असतं आणि पुढच्या प्रत्येक चढाईला तो तिथेच जातो. एनएफएलमधला चांगला क्वार्टरबॅकही हेच करतो. म्हणून या विभागाची ताकद मिचेलसारख्या सर्वोत्तम माणसावरून मोजून उपयोग नाही. त्या दिवशी मैदानावर असलेला सगळ्यात कच्चा कॉर्नरबॅक किती कच्चा आहे, यावरून ती मोजावी लागते.

‘दोन चांगले कॉर्नरबॅक असले की झालं’ हे वाक्य तर आजच्या खेळाला लागूच पडत नाही. बहुतेक संघ तीन-तीन रिसीव्हर घेऊन खेळतात आणि त्यांना तोंड द्यायला बचावाचे संघ निम्म्याहून अधिक चालींना मागे पाच जण ठेवतात. यालाच निकेल म्हणतात. म्हणजे स्लॉटमधला तिसरा कॉर्नरबॅक हा राखीव खेळाडू नसतोच, तो पहिल्या अकरांत मोडतो. राखीव म्हणजे चौथा आणि पाचवा. कडेला खेळणाऱ्याला निदान बाहेरच्या रेषेचा आधार असतो. स्लॉटमधल्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या असतात आणि शिवाय धावत येणाऱ्या जाडजूड गड्यांना पाडायचं कामही त्याच्याकडे असतं. ही जागा कोणालाही जमत नाही. कडेला उत्तम खेळणारा माणूस आत आणला की तो भांबावतो, हे ईगल्सनेच पाहिलं आहे. त्याकडे पुढे येतो.

आता मुख्य दाव्याकडे वळू. पुढच्या चौघांचा पास रश जोरदार असेल तर मागच्यांना फार वेळ धावावं लागत नाही, हे खरंच आहे. ईगल्सचे व्यवस्थापक हाउई रोझमन यांनी वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंच्या पुढच्या फळ्यांवर ड्राफ्टमधल्या निवडी आणि पैसा ओतला, आणि त्या धोरणाने दोन विजेतेपदं दिली. त्या धोरणाला माझा विरोध नाही. मात्र पुढची फळी मजबूत असली की मागची कशीही चालते, हा त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ईगल्स खेळलेले अलीकडचे तीन सुपर बोल त्यासाठी पाहू.

२०२२ च्या हंगामात ईगल्सनी ७० सॅक केले. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच लोळवण्याचा इतका मोठा आकडा एनएफएलच्या इतिहासात फार थोड्या संघांनी गाठला आहे. पुढच्या फळीच्या जोरावर सगळं निभावतं हे सिद्ध करायचं असेल तर याहून चांगला संघ मिळणार नाही. मग १२ फेब्रुवारी २०२३ ला ग्लेनडेलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध सुपर बोल झाला. समोर पॅट्रिक माहोम्स, तोही दुखऱ्या घोट्याने खेळणारा. त्या रात्री ईगल्सना एकही सॅक मिळाला नाही. मैदान निसरडं होतं हे खरं, आणि धावून जाणाऱ्यांना त्याचा त्रास झाला हेही खरं. पण चौथ्या सत्रात कडारियस टोनी आणि स्काय मूर यांनी जे दोन टचडाउन केले ते निसरड्या गवतामुळे झाले नाहीत. दोघेही अक्षरशः एकटे उभे होते. चीफ्सनी चाल सुरू होण्याआधी रिसीव्हरला सरकवून मागच्या फळीत गोंधळ उडवला, कोणाला कोणी धरायचं हे ठरायच्या आत चेंडू पोहोचलेला होता. उत्तरार्धात चेंडू हाती आल्यावर चीफ्स प्रत्येक वेळी गुण घेऊनच परतले, आणि सामना ३८-३५ असा गेला. चेंडू दोन-अडीच सेकंदांत हातातून सुटतो तेव्हा ७० सॅकवाल्या फळीलाही पोहोचता येत नाही. तेवढ्या वेळात फक्त मागचेच काही करू शकतात.

त्याआधीचा सुपर बोल, ४ फेब्रुवारी २०१८, मिनियापोलिस. तो ईगल्सनी जिंकला, म्हणून तयार उत्तरवाले तो आपल्या बाजूला मोजतात. ब्रँडन ग्रॅहमने शेवटच्या मिनिटांत न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याच्या हातातला चेंडू पाडला, हे दृश्य प्रत्येक चाहत्याला पाठ आहे. मात्र त्या रात्रीचा ईगल्सचा तो एकमेव सॅक होता. ग्रॅहम, फ्लेचर कॉक्स, ख्रिस लाँग, डेरेक बार्नेट असे एकामागून एक ताजेतवाने माणूस पाठवणारी ती फळी होती, आणि तरीही ब्रेडीने ५०५ यार्ड फेकले. सुपर बोलमधला तो विक्रम. न्यू इंग्लंडला एकदाही पंट करून चेंडू सोडावा लागला नाही आणि त्यांच्या तीन जणांनी शंभरहून अधिक यार्ड मिळवले. ईगल्स ४१-३३ जिंकले ते आक्रमणाने ४१ गुण केले म्हणून. तो चेंडू पाडणारा क्षण अमूल्य होता, यात शंकाच नाही. पण संपूर्ण सामन्याचं ओझं त्या एका क्षणावर टाकणारा माणूस उरलेला सामना पाहायला तयार नाही.

पलीकडच्या संघाचीही गोष्ट त्यात आहे. न्यू इंग्लंडने त्या सामन्यात माल्कम बटलर या आपल्या नेहमीच्या कॉर्नरबॅकला बचावात एकदाही उतरवलं नाही. त्याच्या जागी आलेल्यांवर ईगल्सचा क्वार्टरबॅक निक फोल्स तुटून पडला आणि ३७३ यार्ड फेकून सामनावीर झाला. म्हणजे एकाच सामन्यात दोन्ही संघांच्या पुढच्या फळ्या जवळपास निष्प्रभ ठरल्या आणि दोन्हींच्या मागच्या फळीतली पोकळी उघडी पडली.

तिसरा सुपर बोल फेब्रुवारी २०२५ चा, आणि तयार उत्तरवाल्यांचा सगळ्यात मोठा आधार. न्यू ऑर्लिन्समध्ये माहोम्सला सहा वेळा लोळवलं, तेही एकदाही ब्लिट्झ न करता, म्हणजे जादा माणूस पुढे न पाठवता. फक्त पुढचे चौघे. मध्यंतराला २४-०, शेवटी ४०-२२. हे पाहून ‘बघा, पुढचे चौघे पुरतात’ असं म्हणणं सोपं आहे. पण ब्लिट्झ न करण्याचा अर्थ काय होतो? उरलेले सात जण मागे राहतात. माहोम्स चेंडू हातात धरून थांबला कारण त्याला मोकळा माणूस दिसत नव्हता. तो थांबला म्हणून चौघे पोहोचले. पूर्वार्धात त्याचे १४ पैकी सहाच पास लागले आणि यार्ड मिळाले ३३. ईगल्सच्या त्या हंगामातल्या बचावाकडे पाहा: २०२४ मध्ये एकूण यार्ड आणि पासचे यार्ड, दोन्हीत ते एनएफएलमध्ये सर्वात कमी देणारे ठरले. पुढच्यांमुळे मागचे चांगले दिसले की मागच्यांमुळे पुढचे, हा वाद इथे निरर्थक ठरतो. दोन्ही एकमेकांवर उभे होते.

आणि ते मागचे आले कुठून? काळजीतून. २०२३ चा हंगाम आठवा. सरावाच्या सामन्यात झेक मॅकफिअरसनच्या टाचेची कंडरा तुटली. स्लॉटसाठी पर्यायी माणूस म्हणून त्याच्यावर भिस्त होती. मग दुसऱ्याच आठवड्यात स्लॉटचा मूळ माणूस अव्हॉन्टे मॅडॉक्स छातीचा स्नायू फाटून बाहेर गेला. एका महिन्यात एकाच जागेवरचे दोघे गेले. त्यानंतर स्लॉटमध्ये कोण कोण खेळलं याची यादीच चिंताजनक आहे: कधी ड्राफ्टमध्ये निवडही न झालेली पोरं, कधी मध्येच करारबद्ध केलेला ब्रॅडली रोबी, कधी कडेचा जेम्स ब्रॅडबेरी आत आणून. कडेला आदल्या वर्षी अप्रतिम खेळलेला ब्रॅडबेरी आत आल्यावर हरवलेला दिसत होता. दहा विजय आणि एक पराभव अशी सुरुवात झाल्यामुळे तयार उत्तरवाले तेव्हाही शांत होते. मग संघ सहापैकी पाच सामने हरला. सिॲटलमध्ये शेवटच्या अर्ध्या मिनिटात ब्रॅडबेरीच्या डोक्यावरून टचडाउन झाला. बचावाच्या चाली ठरवण्याचं काम शॉन डेसाई यांच्याकडून काढून मॅट पॅट्रिशियांकडे दिलं, त्याने काही सुधारलं नाही. जानेवारीत टँपा बे बकनीअर्सनी ३२-९ ने घरी पाठवलं आणि त्यांच्या बेकर मेफिल्डने ३३७ यार्ड फेकले. त्या हंगामाचं सगळं खापर एका जागेवर फोडणं योग्य नाही. आक्रमणही ढासळलं होतं, लाइनबॅकरही कमकुवत होते. पण प्रतिस्पर्ध्यांनी आठवड्यामागून आठवडा नेम कुठे धरला हे पाहिलं की पहिला घाव कुठे बसला ते कळतं.

याच ठिकाणी ईगल्सच्या बचावाचे प्रशिक्षक व्हिक फँजिओ यांच्या पद्धतीचा हवाला देणारा युक्तिवादही निकालात निघतो. म्हणतात, फँजिओ दोन सेफ्टी खोल ठेवून झोन खेळतात, म्हणजे प्रत्येकाला माणसाऐवजी जागा राखायला देतात, त्यांच्याकडे कॉर्नरबॅक कोणीही चालतो. डेसाई शिकागोत फँजिओंच्याच हाताखाली घडले होते. त्यांची पद्धत त्याच घराण्यातली होती आणि २०२३ मध्ये ती कोसळली, कारण झोनमध्ये प्रत्येकाला शेजाऱ्याचं काम ठाऊक असावं लागतं. रिसीव्हर माझ्या भागातून तुझ्या भागात आला, आता तो तुझा, हा निरोप धावता धावता एका नजरेत द्यायचा असतो. दर आठवड्याला नवा माणूस उभा राहिला तर हा निरोप अर्ध्यावरच राहतो. झोनला वेग थोडा कमी चालेल, समज कमी असलेली मुळीच चालत नाही. आणि समज संघात राहूनच येते, ऑक्टोबरमध्ये फोन करून बोलावलेल्या माणसात ती आयती मिळत नाही.

२०२३ च्या त्या अनुभवानंतर रोझमन यांनी काय केलं? ड्राफ्टमधल्या पहिल्या दोन्ही निवडी कॉर्नरबॅकवर खर्च केल्या. २२ वा मिचेल, ४० वा डीजीन. कडेचा कॉर्नरबॅक डॅरियस स्ले संघात असताना, मॅडॉक्स परत आलेला असताना. पुढच्या फळीवर आयुष्यभर विश्वास ठेवलेल्या माणसाने हे केलं, याचा अर्थ तयार उत्तरवाल्यांनी स्वतःला विचारावा. तरी पहिल्या चार सामन्यांत स्लॉटमध्ये मॅडॉक्सच होता आणि संघ दोन जिंकून दोन हरला. विश्रांतीच्या आठवड्यानंतर डीजीन त्या जागी आला, आणि त्यानंतर सलग दहा विजय. फेब्रुवारीत, आपल्या २२ व्या वाढदिवशी, त्याने माहोम्सचा पास पकडून ३८ यार्ड धावत टचडाउन केला. हा निकेल कॉर्नरबॅक. दोन चांगले असले की ज्याची गरज नाही असं म्हणतात, तो.

विरोधी बाजूचा एक युक्तिवाद मात्र मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. तो असा: चांगले राखीव कॉर्नरबॅक आधी ओळखता येत नाहीत, ते हंगामात सापडतात, मग ऑगस्टमध्ये डोकं कशाला पिकवायचं? यासाठी बटलरचंच उदाहरण देतात. १ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल. वेस्ट अलाबामासारख्या छोट्या कॉलेजातून आलेला, ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेला बटलर न्यू इंग्लंडच्या क्रमवारीत पाचवा कॉर्नरबॅक होता. ख्रिस मॅथ्यूज या सिॲटलच्या उंच रिसीव्हरने काइल आरिंग्टनला हैराण केलं तेव्हा बटलरला उतरवलं, आणि शेवटच्या मिनिटात एका यार्डावरून त्याने पास हिसकावून सामना जिंकून दिला. पण नशिबाने सापडलेला माणूस म्हणून त्याच्याकडे पाहणं चूक आहे. बटलर उन्हाळ्यापासून संघात होता. सिॲटलची तीच चाल सुपर बोलच्या आधी सरावात त्याच्यावर खेळवली होती आणि तेव्हा तो हरला होता. म्हणून सामन्यात त्याने ती ओळखली. पाचव्या माणसालाही तयार करण्याची शिस्त त्या संघात होती.

त्याच सामन्यातली दुसरी बाजू कोणी सांगत नाही. सिॲटलचा तिसरा कॉर्नरबॅक जेरेमी लेन याने पहिल्याच सत्रात ब्रेडीचा पास पकडला आणि धावताना पडून त्याचा हात मोडला. त्याच्या जागी थॅरल्ड सायमन आला. रिचर्ड शर्मन दुसऱ्या कडेला होता, अर्ल थॉमस मागे होता, त्या काळातली सगळ्यात दरारा असलेली मागची फळी होती. ब्रेडीने त्यांच्याकडे पाहिलं नाही, सायमनकडे पाहिलं. ब्रँडन लाफेलचा टचडाउन सायमनवर, ज्युलियन एडलमनचा निर्णायक टचडाउनही सायमनवर. क्लिफ ॲव्हरिल डोक्याला मार लागून बाहेर गेल्याने सिॲटलचा पास रशही मंदावला होता, हे मान्य. पण २४-१४ ची आघाडी त्यांच्या हातातून निसटली ती त्याच बाजूने, जिथे राखीव माणूस उभा होता.

आणि ईगल्सचा स्वतःचा २०१७ चा हंगाम? तो तर या वादाचा पुरता निकाल आहे. त्या उन्हाळ्यातही कॉर्नरबॅकचीच ओरड होती. आदल्या वर्षीचे दोन्ही सुरुवातीचे कॉर्नरबॅक, लिओडिस मॅकेल्विन आणि नोलन कॅरोल, गेले होते. उरला होता सातव्या फेरीतून आलेला जेलन मिल्स. रोझमननी ओरड कानावर घेतली. मार्चमध्ये पॅट्रिक रॉबिन्सनला स्वस्तातला एक वर्षाचा करार दिला, तिसऱ्या फेरीत रसूल डग्लसला घेतलं, टाचेची कंडरा तुटलेल्या सिडनी जोन्सलाही पुढचा विचार करून दुसऱ्या फेरीत उचललं. आणि एवढं असूनही ११ ऑगस्टला रिसीव्हर जॉर्डन मॅथ्यूज आणि ड्राफ्टची एक निवड देऊन बफेलोकडून रोनाल्ड डार्बीला आणलं. पहिल्याच सामन्यात डार्बीचा घोटा निखळला. पुढचे आठ सामने तो नव्हता. त्या आठपैकी सात ईगल्सनी जिंकले, मिल्स, डग्लस आणि स्लॉटमध्ये सरकवलेल्या रॉबिन्सनच्या जोरावर. जानेवारीत मिनेसोटाविरुद्ध एनएफसीच्या अंतिम सामन्यात ईगल्स मागे पडले असताना ५० यार्डांचा टचडाउन करून सामना फिरवला तोही रॉबिन्सननेच. सराव शिबिरात ज्याची जागा धड नक्की वाटत नव्हती, तो.

त्या संघाने ऑगस्टमधली काळजी चाळा मानली असती तर डार्बी आला नसता, आणि डार्बी आला म्हणून बाकीच्यांना सोडून दिलं असतं तर सप्टेंबरमध्ये हंगाम संपला असता. पुढच्याच वर्षी काय झालं तेही पाहा. २०१८ मध्ये ऑक्टोबरअखेरीस लंडनमध्ये मिल्सच्या पायाला दुखापत झाली, नोव्हेंबरमध्ये डार्बीचा गुडघा गेला. आठवड्याने ईगल्स न्यू ऑर्लिन्सला गेले आणि ४८-७ हरले. त्यांच्या ड्रू ब्रीझने चार टचडाउन फेकले. डेट्रॉइटने सोडलेला क्रेव्हॉन लब्लँक त्याच महिन्यात संघात आला होता. त्याने पुढे फार चांगली कामगिरी केली, जानेवारीत पुन्हा न्यू ऑर्लिन्सविरुद्ध ब्रीझचा पहिलाच पास पकडला. हेच पाहून ‘बघा, नोव्हेंबरमध्येही माणूस सापडतो’ म्हणतात. सापडतो, पण तोवर काही सामने गेलेले असतात. आणि जानेवारीच्या त्या सामन्यातही न्यू ऑर्लिन्सच्या मायकल थॉमसने १२ चेंडू पकडून १७१ यार्ड मिळवले आणि ईगल्स २०-१४ हरून बाहेर पडले. ठिगळ लावून उभी केलेली मागची फळी तिथवरच पुरली.

पैशांचा मुद्दा थोडक्यात संपतो. २०२५ ची वेतनमर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर आहे आणि क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सपासून दोन्ही पुढच्या फळ्यांपर्यंत अनेकांना मोठे करार दिलेले आहेत, म्हणून चौथ्या कॉर्नरबॅकवर खर्च परवडत नाही असं सांगतात. रॉबिन्सनवर किती खर्च झाला होता? मिचेल आणि डीजीन नवोदितांच्या स्वस्त करारावर आहेत. ही दोन माणसं स्वस्त आहेत तोवरच तिसऱ्या-चौथ्यावर खर्च करता येतो. ही संधी दोन वर्षांनी राहणार नाही.

मग २०२५ चं चित्र काय? स्लेला सोडलं, तो पिट्सबर्गला गेला. स्ले दुखावला असताना २०२४ मध्ये त्याची जागा घेणारा आयझेया रॉजर्स मिनेसोटाला गेला. सेफ्टी सी. जे. गार्डनर-जॉन्सनला ह्यूस्टनला दिलं, आणि ती पोकळी भरायला डीजीनला शिबिरात सेफ्टीच्या जागेवरही खेळवून पाहिलं. म्हणजे एकच माणूस दोन जागांसाठी मोजला जातोय. तो दुखावला तर एका दिवसात दोन भगदाडं. दुसऱ्या कडेसाठी केली रिंगो आणि अदोरे जॅक्सन. रिंगो वेगवान आहे, अंगाने दणकट आहे, पण त्याच्याकडे नियमित सुरुवात करण्याचा अनुभव तोकडा आहे. जॅक्सनचा करार २०२५ पुरता, एकाच वर्षाचा, त्याची चांगली वर्षं मागे गेली आहेत. ऑगस्टच्या सुरुवातीला डिफेन्सिव्ह टॅकल थॉमस बुकर देऊन रेडर्सकडून जेकोरियन बेनेट आणला. याचा अर्थ व्यवस्थापनालाही शिबिरात जे दिसलं त्याने समाधान झालेलं नाही. पाचव्या फेरीतला मॅक मॅकविल्यम्स स्लॉटसाठी ठीक आहे, पण नवा आहे.

आणि ज्या पुढच्या फळीच्या भरवशावर हे सगळं सोडायचं, तिचं काय झालं? सुपर बोलमधल्या सहा सॅकपैकी अडीच जॉश स्वेटचे होते, दोन मिल्टन विल्यम्सचे. स्वेट ॲरिझोनाला गेला, विल्यम्स न्यू इंग्लंडला. ग्रॅहमने मार्च २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. जेलन कार्टर आहे, जॉर्डन डेव्हिस आहे, नोलन स्मिथ आणि जेलिक्स हंट वाढताहेत, आणि मला त्यांच्याबद्दल आशा आहे. पण फेब्रुवारीतले चौघे दाखवून सप्टेंबरमधली काळजी खोडून काढता येत नाही, कारण ते चौघे आता तसे उरलेलेच नाहीत.

माझी मागणी साधी आहे. ५३ मध्ये किमान सहा कॉर्नरबॅक ठेवावेत, त्यासाठी चौथा टाइट एंड किंवा सातवा रिसीव्हर सोडावा लागला तरी. डीजीनला सेफ्टीचा पर्याय म्हणून मोजणं थांबवून त्याला स्लॉटमध्येच राहू द्यावं. आणि कडेला खेळलेला एक अनुभवी माणूस, ड्राफ्टची मधली निवड देऊन का होईना, आत्ताच आणावा. नोव्हेंबरमधल्या अदलाबदलीच्या मुदतीची वाट पाहू नये, कारण तोवर वेळापत्रकातले बरेच कठीण सामने उरकलेले असतील. ४ सप्टेंबर २०२५ ला पहिल्याच सामन्यात डॅलस सीडी लँब आणि जॉर्ज पिकन्स या रिसीव्हरना घेऊन फिलाडेल्फियात येतं. पुढच्या आठवड्यात कॅन्सस सिटीत माहोम्स, मग पुका नाकुआ आणि डेव्हांटे ॲडम्स असलेले रॅम्स, मग टँपा. लँबच्या समोर मिचेल असेल. पिकन्सच्या समोर कोण असेल, याचं उत्तर रोझमन आणि फँजिओंनी पहिल्या सामन्याआधी द्यायला हवं, आणि त्याच्यामागे कोण असेल याचंही.